तेवीस मुलं, एक जर्मनची बोट आणि माझंच पत्रक

शाळेला जाताना तुमच्या मुलाच्या गळ्यापर्यंत पाणी येत असेल, तर तुम्ही दाद कुणाकडे मागाल? सरकारकडे, देवाकडे, की अक्कलकोट रोडवरच्या एका कल्हईवाल्याकडे?

हसू नका. टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका गावात शाळा चालवणाऱ्या शिंदेबाईंनी या तिन्ही ठिकाणी प्रयत्न केले आणि शेवटी त्या आमच्याकडे आल्या. गेल्या एप्रिलच्या अखेरीची गोष्ट. ऊन असं, की एमआयडीसीतली कुत्रीसुद्धा ट्रकच्या सावलीनुसार जागा बदलत होती. एक ट्रक आमच्या शेडपुढे थांबला. ट्रकवर बोट होती. बोटीत लाकडी खुर्ची होती. खुर्चीवर छत्री उघडून एक बाई बसल्या होत्या आणि टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत त्या तशाच आल्या होत्या. ट्रकच्या मागे तीस-चाळीस सायकली होत्या. पहिली पाळी सुटली होती आणि कामगार घरी जायचं सोडून बोटीच्या मागे आले होते.

बाईंनी वरूनच विचारलं, "नरसय्या कल्हईवाले इथंच का?"

आमचे नरसय्यामामा तेव्हा एका भगुण्यावर कल्हईचा शेवटचा हात फिरवत होते. त्यांनी मान वर केली, बोट पाहिली, बाईंना पाहिलं आणि मान खाली घातली. "सुभ्या," ते मला म्हणाले, "बघ रे. ऊन लागलंय बहुतेक."

"कुणाला, मामा?"

"मलाच की."

आता आमचा धंदा सांगतो. आमचं शेड म्हणजे मामा, मी आणि भरपूर धूर. मामा मूळचे विणकर घरातले, पण माग सोडून पत्र्याकडे वळले. मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं आहे. आम्ही कल्हई करतो, पॉवरलूमच्या तेलाच्या टाक्या डागतो, सायकलचे कॅरिअर जोडतो, चादरींच्या कारखान्यातली रंगाची पिंपं सांधतो. थोडक्यात, ज्यात काही ओततात आणि जे गळतं, ते सगळं आमच्याकडे येतं. धंद्याचा नियम एकच: भांडं दुरुस्त झालं की त्यात पाणी भरायचं, खाली वाकायचं आणि थेंबाची वाट पाहायची. थेंब आला तिथं खडूची फुली. आला नाही तिथं बरोबरची खूण. या नियमानेच आम्हांला पुढे गोत्यात आणलं.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की मी पत्रकांवर वाढलो. वडील छापखान्यात होते, आणि आमच्या घरी फडताळातल्या कागदापासून पोळीच्या डब्यातल्या कागदापर्यंत सगळी पत्रकंच. मी 'क' शिकलो तो 'कामगार बंधूंनो' यातला. आजही मला काही खटकलं की आधी ताप येतो आणि मग पत्रक येतं. आदल्या वर्षी शेजारच्या चाळीच्या नळाच्या प्रश्नावर मी असंच एक पत्रक काढलं होतं. चक्रमुद्रित, दोनशे प्रती. त्याची कथा ओघाने येईलच.

बाई बोटीतून उतरल्या. उतरल्या म्हणजे आम्ही त्यांना खुर्चीसकट उतरवलं. मग त्यांनी अडचण सांगितली. धरणाचं पाणी गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा पसरलं आणि मग उतरलंच नाही. गावाची शाळा अलीकडे, एक वस्ती पलीकडे, आणि मधली पांद पाण्याखाली. वस्तीवरची तेवीस मुलं वर्षभर बापांच्या खांद्यांवर बसून शाळेत आली. येत्या पावसात पाणी खांद्यांच्याही वर जाणार होतं. तालुक्याहून कागद आला होता: शाळा उघडताना मुलांना आणण्याची सुरक्षित सोय दिसली नाही, तर तेवीस नावं पटावरून कमी करून दूरच्या शाळेत घालावीत.

"दूरची शाळा किती दूर?" मी विचारलं.

"पाण्याला वळसा घालून नऊ मैल," बाई म्हणाल्या. "म्हणजे मुलं शेरडं राखणार. नाव कमी करणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. लाल शाईने एक रेघ मारायची असते. मी ती मारणार नाही."

मला तिथंच ताप भरायला लागला. पण मामा व्यवहारी. "बाई, ही आणली कुटून?"

धरणाच्या कामावर एक कंत्राटदार होता. त्याने मुंबईहून ही बोट आणली, पाहुण्यांना दोनदा फिरवलं आणि काम संपल्यावर तशीच टाकून गेला. मग तिच्यात कोंबड्या राहू लागल्या. गावाने विचारलं, तेव्हा त्याच्या माणसाने सांगितलं, न्या एकदाची. दोरी ओढून सुरू होणारं इंजिन वस्तीवरच्या एका पंपवाल्याने खोलून ठीक केलं होतं. उरली होती ती बोटच.

मामांनी बोटीवर टिचकी मारली. "जर्मन हाय."

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण सायकलवाल्यांपैकी एकाने हे ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या अक्कलकोट रोडवर बातमी, की लढाईतली जर्मनांची बोट सापडली आहे आणि मामा तिच्यातली तोफ काढत आहेत. दोन दिवस लोक तोफ बघायला येत होते. काही तर ती पाहूनही गेले.

जर्मन सडत नाही. पण त्या पत्र्याच्या पोटात सगळीकडे लाकूड असतं: पायाखालच्या फळ्या, बसायच्या फळ्या आणि मागची जाड फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. ते लाकूड वर्षानुवर्षं पाणी पीत बसलं होतं. मी पायाखालची फळी उचलायला गेलो, तर माझ्या हातात खोबऱ्याच्या किसासारखा ओला भुगा आला. त्यात चार अंडी, एक विंचू आणि कंत्राटदाराच्या पाहुण्याची उंच टाचेची चप्पल. इंजिनाच्या फळीला अळंबी उगवली होती. खाली पेट्रोलच्या दोन लोखंडी टाक्या. हलवल्या की आत गंजाचे पापुद्रे वाजत, गोंधळ्याच्या संबळासारखे.

लाकडासाठी आम्ही महिबूबचाचांना बोलावलं. चाचा मागांचे सुतार. जन्म गेला मागाचे भाग करण्यात, त्यातही हात्या, म्हणजे सूत ठोकून बसवणारी पुढेमागे हलणारी चौकट. ते बोटीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "सुभाष मियाँ, इस्का हात्या किदर है?"

"चाचा, ही बोट आहे. हिला हात्या नसतो."

"कायको नै रैता? दो बाजू है, बीच में खाली जगा है, आदमी बैठता है। माग इच तो है।"

शेवटपर्यंत ते तिला मागच समजत होते, आणि खरं सांगतो, त्यामुळेच काम बरं झालं. त्या वर्षी गल्लीगल्लीत हातमाग मोडून सरपणाला जात होते. चाचांनी त्यातलं जुनं सागवान उचललं. चाळीस वर्षं धक्के खाल्लेलं, वाळून हाडासारखं झालेलं. मी म्हणालो, "चाचा, ज्या यंत्रयुगाने हातमाग मारला त्याच यंत्राला हातमागाचं लाकूड टांगायचं, हा इतिहासाचा न्याय आहे."

चाचांनी खिळा दातांतून काढला. "इतिहास को नक्को बोल. हल्लू पकड."

तेवढ्यात मामा ओरडले, कारण चाचांच्या हातात तांब्याचे खिळे होते. चाचांच्या मते पाण्याच्या कामाला तांबं उत्तम. एरवी खरंच उत्तम. पण तांबं आणि जर्मन ओल्यात शेजारी ठेवलं, की जर्मन झिजत जातं. का ते मामांना सांगता येत नाही. त्यांचं म्हणणं असं, की दोन्ही जावा एका चुलीवर ठेवल्या की गरीब स्वभावाची झिजते. म्हणून आम्ही जर्मनच्याच जाड तारेचे तुकडे पाडून त्यांच्या रिपिटा, म्हणजे ठोकून बसवायचे रिव्हेट, केल्या आणि लाकूड-पत्र्याच्या मध्ये डांबर फासून सूत बसवलं. सोलापुरात सुताला काय तोटा!

टाक्यांचं काम धोक्याचं. पेट्रोलच्या टाकीला डाग द्यायचा, तर आधी ती पाण्याने काठोकाठ भरायची, आतली वाफ घालवायची आणि मगच विस्तव दाखवायचा. हे ठाऊक नसलेला एक कारागीर आमच्या रोडवर होता. होता. पण त्याच्याही आधी आतला गंज काढायला हवा. त्याची रीत अशी: टाकीत बारीक खडी आणि चिंचेचं पाणी घालायचं आणि हलवायचं. एक टाकी हलवायला दोन माणसं, दोन दिवस. मी एक तास हलवली आणि रात्रभर माझे हात आपोआप हलत होते.

तेव्हा चाचा म्हणाले, की हलवणारं यंत्र शेजारीच आहे. पॉवरलूमचा हात्या मिनिटाला शंभरावर वेळा पुढेमागे होतो. त्याला टाकी बांधली तर? शेजारच्या टॉवेलच्या कारखान्याचे मालक म्हणजे माझ्या चार पत्रकांतले 'रक्तपिपासू'. त्यांच्यापुढे हात पसरायचा? मी म्हणालो, मालकाला विचारायचा प्रश्नच नाही, यंत्रावर खरा हक्क ते चालवणाऱ्याचा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्ही थेट माग चालवणाऱ्यांना विचारलं. त्यांनी एका रिकाम्या मागाला टाकी बांधली. माग सुरू झाला तसा असा आवाज सुटला, की पलीकडचे ऐंशी माग ऐकू येईनात. मालक धावत बाहेर आले. मी छाती काढून उभा राहिलो. वाक्यं तयार होती.

मालक टाकीकडे बघत म्हणाले, "हे कशाचं?"

"वस्तीवरच्या मुलांच्या शाळेच्या बोटीचं!" मी गर्जलो.

"मग दुसरीपण बांधा की. एका बाजूला वजन येऊन माग बिघडेल माझा."

माझी सगळी वाक्यं वाया गेली. टाक्या मात्र आतून नव्या भांड्यासारख्या निघाल्या. शत्रू ऐन वेळी सज्जनपणे वागला, की चळवळीचं फार नुकसान होतं.

मे महिना उलटत आला. पत्र्याचं काम बोट उपडी ठेवून करायचं, आणि तेही सकाळी दहाच्या आत, कारण नंतर तिला हात लावला की हातच डागला जाई. दहानंतर ती रिकामीच पडे. एक दिवस जेवून आलो, तर सबंध बोटीवर कुरडया. शेजारच्या चाळीतल्या बायकांनी घातलेल्या. पुढारी निलव्वा. ही अक्कलकोटकडची, चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायला जाते. पन्नाशीची, आवाज भोंग्यासारखा.

"निलव्वा, ही बोट आहे!"

"असंल की. कुरडईला काय कळतंय?"

"पण आम्हांला काम आहे."

"दहाच्या पुढं काम न्हाई तुमचं. मी तीन दिस बघतीया. एवढी तापल्याली जागा वाया घालवताय, यव्वा! गरिबाच्या सोलापुरात!"

कुरडया तासाभरात खडखडीत वाळल्या. मामांना एक डबा मिळाला. बोटीवरचा चाळीचा पहिला हक्क असा सिद्ध झाला आणि आम्ही तो कुरडयांबरोबर गिळला.

मग आली परीक्षा. शाळा उघडायला दहा दिवस होते. बोट गळते की नाही हे कसं पाहायचं? पाण्यात सोडून, असं तुम्ही म्हणाल. पण कुठल्या पाण्यात? उन्हाळ्यात तळ्यात चिखल, आणि मामा तर म्हणाले, की देवाच्या तळ्यात इंजिन सोडायला सांगशील तर मीच तुला सोडीन. मग मामांनी धंद्याचा नियम लावला. बोट म्हणजे भांडंच. भोक आतून असो वा बाहेरून, भोक ते भोक. बोटीत पाणी भरायचं.

बोट सुलटी करून वाळूच्या पोत्यांवर टेकवली आणि शेडचा नळ तिच्यात सोडला. दोन दिवस ती भरत होती. गुडघाभर पाणी झाल्यावर मामा म्हणाले, बास, याच्यावर भरलं तर वजनाने पत्रा फाटेल. ते पाठीवर झोपून खाली सरकले, मी वरून कंदील धरला. तीन ठिकाणी थेंब. तीन फुल्या. पाणी थोडं कमी करून तीन रिपिटा बदलल्या, पुन्हा नळ सोडला. एक थेंब नाही! मामा म्हणाले, "वरच्या कडंच्या रिपिटांच्या रांगा राहिल्या रे. सकाळी पाणी थोडं चढवू, मग बघू." मी मान हलवली. पण माझ्या हातात खडू होता आणि अंगात विजय. मी वरच्या रांगांवरही बरोबरची खूण करून टाकली.

सकाळी पाणी चढायच्या ऐवजी वीतभर उतरलेलं. आणि बोटीपुढे घागरींची रांग.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी एका ट्रकने वळताना चाळीचा नळच मोडला होता. नवा पाइप येईपर्यंत पाणी नाही. आणि शेजारी दीडशे घागरींची बोट भरून उभी. निलव्वाने सगळ्यांना क्रम लावून दिला होता. आमचा नळ सुरू होता, त्यामुळे बोट वरून भरत होती आणि खालून उपसली जात होती. आम्हीही माणसंच. म्हणालो, न्या. दोन दिवस गेले, चार गेले. पाइप येईना. बोटीला आता झाकण आलं, कडेला तांब्या बांधला गेला. कुणीतरी तिला हळदीकुंकूही लावलं. वरच्या रांगांपर्यंत पाणी काही चढलं नाही, कारण चढू देतंय कोण?

आणि शाळा उघडायला चार दिवस असताना शिंदेबाई ट्रक घेऊन आल्या. छत्री, खुर्ची, सगळं.

"बोट तयार आहे ना?"

"तयार आहे," मी म्हणालो. "फक्त भरलेली आहे."

मी निलव्वाला म्हणालो, "आता बोट जाणार. पाणी काढून घ्या."

निलव्वा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मागे चाळीस बायका. "न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"न्हाई म्हंजी न्हाई. तूच सांगितलंयस." आणि तिने हवेत तोंड करून घडाघडा म्हणायला सुरुवात केली: "'भगिनींनो! पाणी कुणाच्या बापाचं नाही! ज्या भांड्यात जनतेचं पाणी, ते भांडं जनतेच्या मालकीचं! ते हिरावू पाहणाऱ्याला जागेवरून हलू देऊ नका!'"

माझं पत्रक. आदल्या वर्षीचं, नळाच्या प्रश्नाचं. निलव्वाला वाचता येत नाही. तिच्या लेकीने वाचून दाखवलं ते तिने पाठ केलं होतं. स्वल्पविरामासकट.

"अगं, ते त्या वेळी... संदर्भ वेगळा होता!"

"संदर्भ कुटं लिवलाय त्यात?"

मामा पोटाला धरून खाली बसले. चाचा म्हणाले, "हौ, बरोबर बोलती." मी घामाघूम. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कुणीतरी अमलात आणलं होतं, आणि ते माझ्याच विरुद्ध. खरं सांगू? दोन्ही बाजू बरोबर होत्या. तेवीस मुलांची नावं बरोबर होती आणि चाळीस चुलीही बरोबर होत्या. अशा प्रसंगी काय करायचं, हे मी वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हतं.

बाई खुर्चीवरून उठल्या. वर्गात ज्या आवाजात म्हणत असतील त्या आवाजात म्हणाल्या, "ओळीत उभ्या राहा."

आणि काय आश्चर्य, चाळीस बायका ओळीत उभ्या राहिल्या. निलव्वासुद्धा!

"बोट कुणी पळवत नाही. बोटीच्या बदल्यात तुम्हांला काय पाहिजे? एकीनेच सांगायचं. हात वर करून."

निलव्वाने हात वर केला. "टाकी पायजे. नळाची. चाळीच्या दारात."

"किती दिवसांत होईल?" बाईंनी मामांना विचारलं.

"आट दिस. पिंपं जोडून."

"कोण करणार?"

निलव्वाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो पत्रकवाला. टाकी होईस्तोवर ह्यो हितनं हलायचा न्हाई. बोट न्या तुमी, बाई. ह्येला हितं ठिवा."

अशा रीतीने एका बोटीच्या बदल्यात मला ओलीस ठेवण्यात आलं. बायकांनी घरातली सगळी भांडी आणली: घागरी, पातेली, पूजेचे तांबे, एकीने तर पाळण्यातलं पोर काढून खालचं रबरी कापड पसरून आणलं. तासाभरात बोट कोरडी. ट्रकवर चढली. बाई छत्री उघडून बसल्या, शेजारी मामा आणि चाचा बसले आणि माझी बोट माझ्याशिवाय गेली. चाळीचा पोरवडा तिच्यामागे ओरडत धावला. मी पत्रा कापत होतो.

तीन दिवसांनी दोघं परत आले. मामा गळ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"तरली का?"

"तरली!" मामा म्हणाले.

"क्या तरली!" चाचा म्हणाले. "हात्या लगाते तो और तरती!"

मला रडू आलं, ते मी भट्टीच्या धुरावर ढकललं. आठव्या दिवशी टाकी झाली. चार पिंपं, चार तोट्या. निलव्वाने वाकून थेंब शोधला आणि मला सोडलं. त्याच दुपारी शिंदेबाईंचं कार्ड आलं:

'आपली बोट उत्तम आहे. नऊ मुले बसली असता गळत नाही. दहावे मूल बसले की गळते. पटावर तेवीस मुले आहेत. आईबाप घाबरले असून मुलांना पाठवीत नाहीत. सोमवारी तालुक्याचे साहेब सोय पाहण्यास येत आहेत. तरी हे उदाहरण सोडवून सोमवारपूर्वी स्वतः घेऊन यावे.'

मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "दहावं पोर बसलं की बोट वीतभर बुडत असंल. म्हंजी पाणी वरच्या रांगंला लागत असंल." मग ते माझ्याकडे पाहत राहिले. खडूची खूण माझी होती. तेव्हा मी ते कबूल केलं नाही. आज छापून सांगतो. विजयाच्या भरात मी न तपासलेली रिपिट पास केली होती, आणि तिच्या भरवशावर तेवीस मुलं बसणार होती. एवढी लाज मला मालकाने माग दिला तेव्हाही वाटली नव्हती.

रविवारी संध्याकाळी मामा, मी आणि निलव्वा टेंभुर्णीची एसटी पकडून निघालो. निलव्वाला कुणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "माझी टाकी हाय ती. कुटं नांदतीया बघाया नको?" सोबत घागर घेतली होती.

सोमवारी सकाळी काठावर पोचलो. समोर एवढं पाणी, की मी सोलापूरकर, मला आधी त्याच्यावर विश्वासच बसेना. बोट वर ओढून घेतली आणि मी घागरीने तिच्यात पाणी ओतायला सुरुवात केली. काठावर गावची माणसं जमली. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "आरं, पान्यात बोट सोडायची सोडून ही मानसं बोटीत पानी भरत्यात की! कुटली हायती?"

"सोलापूरची."

"मग बरोबर हाय. पानी बघितलं न्हाय कदी."

वीस घागरींनंतर पाणी अजून तळालाच. वरच्या रांगेपर्यंत भरायचं तर दुपार झाली असती, आणि भरलं असतं तर पत्रा फाटला असता. साहेबांची जीप केव्हाही येणार. मामा कपाळ पुसत बसले. निलव्वाने पदर खोचला.

"दोघंबी येडं हाय का? घागर कुटं गळती बघाया घागर काठोकाठ भरत्यात व्हय? तिरकी करत्यात!"

मामांनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं भांडी तपासली, पण बोट एवढी मोठी, की ती भांड्यासारखी कलती करता येते हे सुचलंच नव्हतं. गावच्या आठ जणांनी बोट कुशीवर कलती केली. तेच वीस घागरी पाणी एका बाजूच्या वरच्या रांगेवर जाऊन बसलं. कोरडी. मग दुसऱ्या कुशीवर. मी खाली चिखलात आडवा. आणि इंजिनाच्या जवळ, माझ्याच खडूच्या पुसट खुणेखाली, एक रिपिट रडत होती. टप. टप. टप.

मी ती काढली, जाड रिपिट घेतली, तिला सफेत्यात बुडवलेलं सूत गुंडाळलं आणि बसवली. आतून मामा हातोडा धरून, बाहेरून मी ठोकत. शेवटचा ठोका पडला आणि मागून आवाज आला, "हे काय चाललंय?"

साहेब आले होते. चांगले भरलेले गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात वही.

"तपासणी," शिंदेबाई म्हणाल्या. "आता आपली."

बोट पाण्यात गेली. साहेब काठावरूनच लिहायला लागले, तर बाई म्हणाल्या, "बसल्याशिवाय सोय कशी कळणार, साहेब?" त्यांनी साहेबांना नखशिखान्त पाहिलं आणि हिशेब केला. "साहेब म्हणजे चार मुलं. निलव्वाबाई तीन, मामा दोन, हा मुलगा दोन. अकरा झाले. एक मूल चढा रे वर. बारा!"

पंपवाल्याने दोरी ओढली. चाचांच्या सागवानाने इंजिनाचा धक्का असा पेलला, की जणू ते चाळीस वर्षं याचीच वाट पाहत होतं. आम्ही निघालो. निलव्वाने कडेला घट्ट धरून डोळे मिटले. साहेबांनी वही गुडघ्याखाली घातली, मग हळूच वाकून हाताचं बोट बसायच्या फळीखाली फिरवलं आणि अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले. थोडे नाराज वाटले.

पलीकडे वस्तीचे आईबाप उभे होते. त्यांनी साहेबांना उतरताना पाहिलं. एक बाप म्हणाला, "ह्यो मानूस तरला तर आमची पोरं का न्हाई?" आणि त्याने आपल्या मुलीला दप्तरासकट उचलून बोटीत ठेवलं. दोन फेऱ्यांत तेवीस मुलं अलीकडे आली. बाईंनी शाळेच्या पुढल्या दारात उभं राहून हजेरी घेतली. मी खिडकीबाहेर चिखलात बसून तेवीस वेळा 'हजर' ऐकलं. त्यावर पत्रक लिहायला घेतलं होतं, पण पहिल्याच ओळीपुढे गेलं नाही. त्याची गरज नव्हती.

पण साहेबांनी वहीत सोय मान्य करताना खाली एक अट लिहिली: दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा बोटीत प्रत्येक मुलामागे एक तरंगण्याचं साधन असावं, नाहीतर नावांचा पुन्हा विचार करावा लागेल. मला पहिल्यांदा राग आला. मग मला खडू आठवला. अट रास्त आहे.

ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब हवा भरून दोरीने बांधली, की मूल तिच्यात छान तरंगतं. शिंदेबाईंनी स्वतः बसून पाहिलं आहे, छत्री उघडून. पंक्चर असली तरी चालेल, ते आम्ही काढू. मोटारची, ट्रॅक्टरचीही चालेल. सायकलची मात्र आणू नका. तीन जणांनी आणल्या आहेत, त्या तुमच्या भावना म्हणून ठेवल्या. आजपर्यंत चौदा ट्यूबा जमल्या, त्यांतल्या दोन त्या टॉवेलवाल्या मालकांच्या. प्रत्येकीवर मी रंगाने एका मुलाचं नाव लिहितो आहे. अजून नऊ नावं लिहायला जागा नाही.

हा अंक हातावेगळा कराल तेव्हा उठा, तुमच्या परसात, गॅरेजमध्ये, विहिरीजवळ पडलेली ट्यूब शोधा आणि सुट्टी संपायच्या आत अक्कलकोट रोडला आणून द्या. एमआयडीसीत बोटवाले कल्हईवाले विचारलंत, की कुणीही दाखवील. मी नसलो तर शेजारच्या चाळीत निलव्वाकडे ठेवा. ती आधी पाण्यात बुडवून बुडबुडे बघेल आणि मगच घेईल.